घोळून घ्यावे

"हे बघा, गलगले बाई. औषध उरलंय," डॉक्टर किणीकर म्हणाले आणि त्यांनी ती इवलीशी बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

बाटलीच्या तळाशी पांढरा साका होता. टेबलावर तशाच आणखी पाच रिकाम्या बाटल्या होत्या. सगळ्या सतरा नंबरच्या, आणि सगळ्यांच्या बुडाशी तोच साका.

"बाकीच्या तेवीस मुलांच्या बाटल्या कोरड्या ठाक परत आल्यात," डॉक्टर म्हणाले. "ही सतरा नंबरची आई पोरीला सुया देत नाही. आणि तोंडावर सांगते, एकही चुकवली नाही म्हणून."

"एखाददुसरी चुकत असेल, सर."

"एखाददुसरीने आयजीएफ एकाहत्तरवर येत नाही."

रक्त मीच काढलं होतं आणि आकडाही मीच आणला होता.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा मिरजेच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात होते. डॉक्टर किणीकरांनी मधुमेह झालेल्या चोवीस मुलांचा एक अभ्यास काढला होता आणि त्यासाठी त्यांनी मला खास मागून घेतलं होतं. मुलांना पहिले सहा महिने जुनं, दुधासारखं गढूळ इन्सुलिन द्यायचं आणि पुढचे सहा महिने नवं, पाण्यासारखं नितळ. जेवणाआधीची छोटी सुई दोन्ही वेळा तीच. दर तीन महिन्यांनी रक्त घ्यायचं, वाढीची द्रव्यं मोजायची आणि कोणत्या इन्सुलिनवर मुलं चांगली वाढतात ते बघायचं.

डॉक्टर हे आईबापांना छान समजावून सांगत. "डोक्यात वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती हुकूम सोडते, पोराला वाढव. हुकूम जातो यकृताकडे. यकृत एक द्रव्य करतं आणि त्यावर हाडं वाढतात. पण अंगात इन्सुलिन कमी पडलं की यकृत बहिरं होतं. वरून हुकमावर हुकूम येतात, आणि खाली काम शून्य." त्या द्रव्याचं नाव आयजीएफ. तेरा वर्षांच्या मुलीला ते दोनशेच्या वर तरी हवं. सतरा नंबरच्या सारिका मगदूमचं पहिल्या दिवशी एकशे अठरा होतं, तीन महिन्यांनी चौऱ्याण्णव झालं आणि आता एकाहत्तर.

सारिका तेरा वर्षांची होती आणि नऊची दिसायची. उंची मोजताना ती पट्टीला पाठ लावून उभी राहायची आणि हळूच टाचा उचलायची.

"टाचा खाली, मगदूम," मी म्हणायची.

"खालीच हायत की, बाई."

मी वाकून तिच्या गुडघ्यांवर हात ठेवायची. मग टाचा खाली यायच्या आणि तिचं तोंडही उतरायचं. एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर. सहा महिने झाले तरी एकशे अठ्ठावीसच. ती सुईला फार भ्यायची, पण माझ्याकडून रक्त काढून घ्यायची. दुसऱ्या कुणी हात धरला की अख्खा मजला गोळा व्हायचा.

सहा महिन्यांचं रक्त द्यायला तिला घेऊन तिचा बाप तानाजी स्वतः आला होता. डेअरीचा टेम्पो चालवणारा, तापट पण लेकीवर जीव असलेला माणूस. तो डॉक्टरांना सरळ म्हणाला, "सायेब, गावातला कंपाउंडर सुई देत हुता तवा पोरगी बरी हुती. हिच्या हातात बाटली गेली आन पोरगी वाळाय लागली. आता मी पोरीला भैनीकडं अथणीला नेतो. तितं एक वैद्य हाय, तो सुयांबिगार बरं करतोय."

त्याची बायको शालन दाराशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी एक बी सुई चुकवली न्हाई."

तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सुया बंद झाल्या की अशी मुलं किती दिवस काढतात ते डॉक्टरांना माहीत होतं आणि मलाही. डॉक्टरांनी तानाजीला कसंबसं सोमवारपर्यंत थांबवलं आणि मला सांगितलं, "तुम्ही शनिवारी त्यांच्या घरी जा. काय चाललंय ते डोळ्यांनी बघून या."

शनिवारी पहिल्या एसटीने मी घाटवाडीला गेले. कृष्णेच्या अगदी कडेचं गाव. घर दोन खोल्यांचं, पण लख्ख. चुलीशेजारच्या कट्ट्यावर पाण्याच्या दोन कळश्या होत्या, एक भरून निवळायला ठेवलेली आणि एक निवळलेली. त्यांच्यामध्ये झिजून चपटा झालेला तुरटीचा खडा होता. इन्सुलिनच्या बाटल्या ओलं फडकं गुंडाळलेल्या माठात होत्या. आणि माठावरच्या खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, माझं कार्ड टांगलेलं होतं.

माझं म्हणते, कारण ते मी लिहिलं होतं. औषधाबरोबर इंग्रजी कागद आला होता, आणि त्याचं मराठी करायला डॉक्टरांनी मलाच सांगितलं. माझे वडील आप्पा तीस वर्षं शाळेत मराठी शिकवायचे. शब्द वाकडा पडला की जेवताजेवता ताटावरून उठवणारा माणूस. तेव्हा मराठी म्हटलं की मला थोडी शिंगं फुटायचीच. ते कार्ड घराघरात गेल्याचा मला अभिमान होता, आणि त्या भिंतीवर ते बघून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

"लई वेळेला आला, बाई," शालन म्हणाली. "आता सुईचीच वेळ हाय. बसा."

सारिका खाली बसून गणितं सोडवत होती. शालनने साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत धुतले. नितळ बाटलीतली छोटी सुई तिने चोख दिली. हात जराही कापला नाही आणि एककसुद्धा इकडेतिकडे झालं नाही. मग तिने कोनाड्यातली दुसरी बाटली दोन बोटांनी अलगद उचलली. ती गढूळ इन्सुलिनची होती, पण मला गढूळ दिसेना. वरचं औषध काचेसारखं स्वच्छ होतं आणि पांढरं सगळं तळाला बसलेलं.

"ही इथे कशी? माठात नव्हती?"

"उठल्या उठल्या घोळून हितं ठिवती. आंगोळ आन भाकऱ्या हुईस्तवर बसतंय."

"काय बसतंय?"

"खडं," ती म्हणाली. तिला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं असावं. "गाळ वो."

एवढं बोलून तिने बाटली इतक्या हळू आडवी केली की तळाचं पांढरं जागचं हललं नाही. निवळलेल्या कळशीतलं पाणी आपण गाळाला धक्का न लावता ओततो, तशीच. सुई वरच्या स्वच्छ औषधात घातली आणि बरोबर सोळाच्या रेघेपर्यंत ओढलं.

"थांबा," मी म्हणाले. "शालनताई, थांबा."

तिने सुई तशीच धरली.

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी म्हंजी? तुमीच लिवलंय की." तिने पोरीला हाक मारली. "सारे, वाच गं बाईंना."

सारिकाने पिशवीतून कार्ड काढलं आणि शाळेत धडा वाचतात तशा आवाजात वाचलं, "गढूळ औषधाची बाटली दोन्ही हातांत धरून हलकेच घोळून घ्यावी. जोराने हलवू नये. नितळ औषध गढूळ दिसल्यास घेऊ नये."

"बगा," शालन म्हणाली. "घोळून घ्यावी. मग मी घोळती." तिने डाव्या हाताने हवेत सूप धरलं आणि दोनदा गोल फिरवलं. "घोळलं की खडं एका बाजूला बसत्यात. चांगलं तेवढं घ्याचं. आन खाली तर उघडच लिवलंय, गढूळ दिसलं तर घिऊ नगा."

मी त्या कार्डाकडे बघत राहिले. इंग्रजी कागदात बाटली तळहातांमध्ये फिरवा असं होतं, म्हणजे तळाचं पांढरं औषधात एकजीव होतं. मला 'फिरवा' मोघम वाटलं होतं. 'लाटा' म्हटलं तर पोळपाट आठवेल. मग 'घोळून' सुचला आणि मी खूश झाले होते. आमच्या घरी घोळायची ती पिठात, पोळीची लाटी. शालनच्या घरी घोळायचे ते सुपात, तांदूळ. शब्द तोच, पण आमच्याकडे घोळल्यावर लाटीला पीठ लागतं आणि तिच्याकडे घोळल्यावर तांदळातला खडा वेगळा होतो.

"शालनताई," मी म्हणाले, "तो गाळ नाही. तेच औषध आहे."

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. पांढरं जे खाली बसतं तेच इन्सुलिन, वर जे राहतं त्यात ते जवळपास नसतंच.

ती सुई हातात धरून हळूहळू खाली बसली. मग म्हणाली, "म्हंजी सा म्हैनं मी जे गाळ म्हणून बाजूला ठिवलं, ते औषिद हुतं?"

मी मान हलवली.

"आन पोरीला नुसतं पाणी टोचत हुते."

"पाणी नाही. थोडं औषध असतंच त्यात."

"थोडं," ती म्हणाली.

सारिकाने वही मिटली होती. तिने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग आता मी वाढनार, बाई?" तिने विचारलं.

मला तिच्याकडे बघवेना. मी माठातली नवी बाटली काढली, शालनचे दोन्ही हात जवळ ओढले, बाटली तिच्या तळहातांत आडवी ठेवली आणि वरून माझे हात ठेवून फिरवली. मागेपुढे, मागेपुढे. तिचे तळवे चुलीपुढच्या कामाने खरखरीत झालेले होते. दहाएक वेळा फिरवल्यावर बाटली सारखी पांढरी झाली.

"असं होय," शालन म्हणाली. "हे तर देवाची वात वळल्यागत हाय. हे असं पयल्या दिशी दावलं असतं तर..."

ती तिथेच थांबली. मीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

परतीच्या एसटीत मात्र ते वाक्य माझ्या शेजारी बसून आलं. पहिल्या दिवशी काय झालं ते मला स्वच्छ आठवत होतं. प्रत्येक आईला बाटली हातात देऊन, फिरवून दाखवायची, तिच्याकडून फिरवून घ्यायची आणि मगच रजिस्टरात 'प्रात्यक्षिक दाखवले' या रकान्यात खूण करून सही करायची, असा नियम होता. सोळा आयांना मी दाखवलंही होतं. शालनची पाळी आली आणि वीज गेली. मशीनमध्ये सात मुलांचं रक्त होतं. त्यातलं पातळ द्रव्य वेळेत वेगळं करून बर्फात गेलं नाही तर सगळं फुकट गेलं असतं. मी शालनच्या हातात कार्ड कोंबलं, "सगळं लिहिलंय यात, शांतपणे वाचा" असं म्हणाले, रजिस्टरात खूण केली, तिची सही घेतली, माझी ठोकली आणि बर्फ आणायला पळाले. वीज आल्यावर उरलेल्या सात जणींना मी नीट दाखवलं. शालन तोवर गावाकडे निघून गेली होती.

मिरज येईपर्यंत मी मनाशी सगळं जमवलं. डॉक्टरांना सांगायचं, शब्द कळायला चूक झाली. ते खरंच होतं. प्रात्यक्षिकाचं कुणी विचारणार नव्हतं. शिवाय पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांना नवं नितळ इन्सुलिन सुरू होणार होतं. त्यात तळाला बसायला काही नव्हतंच. सारिकाचं आयजीएफ आपोआप वर जाणार होतं आणि अभ्यासातला सगळ्यात देखणा आकडाही तिचाच ठरणार होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी काही वाईट बाई नाही. पण त्या दिवशी मी जे जमवत होते ते वाईटच होतं.

सोमवारी सकाळी तिघंही आली. मी सांगितलं ते ऐकून डॉक्टरांनी आधी कपाळावर हात मारून घेतला, आणि मग त्यांनी नको तेच केलं. कपाटातून रजिस्टर काढलं.

"पण हे तर दाखवलं होतं ना?" त्यांनी पान उलटलं. "सतरा नंबर. प्रात्यक्षिक दाखवले. गलगले बाईंची सही आहे. आणि ही तुमची, शालनबाई. तुमचीच ना?"

शालनने वाकून बघितलं. "व्हय."

"हातात बाटली देऊन दाखवलं, तरी तुम्ही सहा महिने गाळ बसवत राहिलात?"

"तिला काय इचारताय, सायेब," तानाजी म्हणाला. "पालथ्या घड्यावर पानी हाय ते. म्या आदीच बोललो हुतो. उद्या भैन येतीया. पोरगी अथणीला जानार, इषय सपला."

सारिकाने आईचा पदर मुठीत धरला. शालनने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काहीतरी मोजून बघावं तसं. मग ती डॉक्टरांकडे वळली.

"दावलं हुतं, सायेब," ती म्हणाली. "बाईंनी दावलं हुतं. माझ्याच डोस्क्यात बसलं न्हाई."

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हे मी लपवणार नाही. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून घेतलं असं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी ते कुणी उचललं ते समोर दिसलं. सारिका माझ्याकडे बघत होती. पहिल्या दिवशी ती आईच्या शेजारीच बसलेली होती. कुणी काही दाखवलं नव्हतं हे त्या खोलीत आम्हा तिघींना माहीत होतं. तिघींतली एक खोटं बोलली होती, एक लहान होती, आणि तिसरी मी.

"नाही दाखवलं," मी म्हणाले.

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"मी यांना दाखवलं नव्हतं, सर. वीज गेली होती. मी कार्ड हातात देऊन पळाले. खूण खोटी आहे. आणि शब्दही माझाच चुकला. यांनी कार्डावर लिहिलं होतं तेच केलं, सहा महिने, एक दिवसही न चुकवता."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि रजिस्टर मिटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं माझ्या मनात आलं.

तानाजी खुर्चीतून उठला. "म्हंजी चूक दवाखान्याची?"

"चूक माझी," मी म्हणाले.

"मग तर हितं ठिवायचीच न्हाई. चल गं सारे."

"ती कुटं जायाची न्हाई," शालन म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. पण तसा आवाज तानाजीने कधी ऐकला नसावा, कारण तो होता तिथेच उभा राहिला.

"सा म्हैनं तुमी मला अडाणी म्हणलासा," ती त्याला म्हणाली. "तुमच्या आईनं पोरीचं भाकरीचं ताट माझ्या हातातनं काडून घेतलं. मलाबी वाटाय लागलं, माझ्या हातालाच कायतरी हाय. आता ऐकलासा न्हवं? हात चुकला न्हाई. समजलं न्हाई तेवढं चुकलं, आन आता समजलंय. पोरगी माझ्यापाशी ऱ्हाणार." मग ती डॉक्टरांकडे वळली. "आन सायेब, ते नवं पान्यावानी औषिद मला नगं. हेच पांढरं द्या."

"अहो, नवं सोपं आहे. त्यात काही बसत नाही, काही फिरवायला नको..."

"म्हणूनच नगं," शालन म्हणाली. "त्यानं पोरगी वाढली तर ह्यो म्हणंल, औषिद बदललं म्हणून वाढली. हेच द्या. तीन म्हैन्यांनी रगात बगा."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तानाजीला विचारलं, "तीन महिने?"

तानाजीने लेकीकडे बघितलं. सारिकाने अजून पदर सोडला नव्हता. "तीन म्हैने," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी शालनला गाठलं. तोंडातून माफीसुद्धा नीट निघेना. मी एवढंच विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात? तुमची पोरगी जात होती."

"तुमाला काडून टाकलं असतं तर हिचं रगात कुणी काडलं असतं?" ती म्हणाली. "दुसऱ्यानं हात लावला की वरडती. अथणीला न्हेली असती तरी मी भांडून परत आणली असती. पर हितं तुमी न्हाई म्हणल्यावर ती हितं पाऊल ठिवती व्हय?"

"आता काढतीलच मला."

"व्हय, आता काडतीलच." तिने पदर खोचला. "पर बरं केलंसा, बाई. लई बरं केलंसा."

त्यांनी मला काढलं नाही, पण मुलांपासून दूर केलं. मागच्या तपासणीच्या खोलीत बसवलं, जिथे माणसं येत नाहीत, फक्त नळ्या येतात. ते योग्यच होतं. सारिकाचे आकडे अभ्यासातून वगळले गेले आणि चोवीसची तेवीस मुलं झाली. डॉक्टरांना कुठेकुठे लेखी खुलासे द्यावे लागले. महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एक दिवस कार्ड माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हे नवं लिहा. आणि आधी एखाद्या आईकडून वाचून घ्या." मी आप्पांचे सगळे शब्द बाजूला ठेवले आणि लिहिलं, 'देवाची वात वळतो तशी बाटली दोन्ही तळहातांत वळावी. पांढरे सगळीकडे सारखे झाले की मगच घ्यावे.' ते वाक्य शालनचं आहे. ते कार्ड त्यानंतर पुष्कळ घरांत गेलं, पण तिचं नाव त्यावर कुठेच नाही.

तीन महिन्यांनी नळ्यांचा ट्रे आला. तेवीस नळ्यांवर नेहमीसारखे नंबर होते, आणि चोविसाव्या नळीवर नंबर खोडून डॉक्टरांच्या अक्षरात नाव लिहिलं होतं. सारिका मगदूम. ती आता अभ्यासात नव्हती, म्हणून तिला नाव मिळालं होतं. नळ्या घेऊन आलेल्या सिस्टरला मी विचारलं, "ही रडली का हो?"

"पहिल्यांदा ओरडली थोडी. मग आईने हात धरला. म्हणाली, बाई मागं बसल्यात, त्यास्नी ऐकू जातंय. मग गप्प बसली."

गोठलेलं रक्तद्रव्य वितळलं की त्याचेही थर होतात, दाट खाली आणि पातळ वर. ते एकजीव केल्याशिवाय तपासायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शिकवलेलं होतं. तोवर वीस वर्षं मी ते डोळे मिटून करत आले होते आणि एका आईला तेवढंच सांगायचं राहून गेलं होतं. मी ती नळी दोन्ही तळहातांत धरली आणि वात वळतात तशी वळली. नेहमीपेक्षा जास्त वेळ वळली.

सारिकाची उंची पुढे चार फूट दहा इंचांवर थांबली. हाडं वाढायला जेवढा काळ असतो त्यातले सहा महिने मी खाल्ले, ते काही परत आले नाहीत. आज ती सांगलीत नोकरी करते, तिला एक मुलगा आहे, आणि ती माझ्याशी चांगलं बोलते. त्याचा मला कधीकधी त्रास होतो.

पण त्या दुपारी हे पुढचं काही माहीत नव्हतं. मशीनने एकेक आकडा द्यायला सुरुवात केली आणि मी शेवटच्या नळीची वाट बघत स्टुलावर बसून राहिले. आकडा आला, दोनशे चौदा. मी तपासणी पुन्हा लावली. दोनशे अकरा. त्या रिकाम्या खोलीत मी ढसाढसा रडले आणि मग डोळे पुसून वही ओढली.

वहीत चार रकाने होते. नाव, तारीख, आयजीएफ, इन्सुलिनचा प्रकार. शेवटच्या रकान्यात एक तर 'गढूळ' लिहायचं किंवा 'नितळ'. मी नाव लिहिलं, तारीख लिहिली, दोनशे चौदा लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी माझा हात थोडा थांबला, आणि मग मी तिथे लिहिलं, 'आईच्या हातचं'.

संध्याकाळी डॉक्टर किणीकर वही तपासायला आले. सगळ्या पानावरून त्यांचं बोट खाली खाली गेलं आणि त्या ओळीवर थांबलं. मला वाटलं, खोडतील.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि समोर सही केली.